लिंबू उडालं, परफ्यूम नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. विमानतळावरच्या दुकानात कागदी पट्टीवर ‘तेर द’एर्मेस’ या परफ्यूमचा वास घेतलात, नखाने संत्रं सोलल्यासारखा तजेला आला, आणि तिथल्या तिथे १०० मिलीची बाटली घेतलीत. आता रोज सकाळी मारता, पण ऐरोलीला ऑफिसात पोचेपर्यंत लिंबू-संत्रं गायब. अकरानंतर तर तुम्हाला काहीच येत नाही, म्हणून दुपारी पुन्हा दोन स्प्रे. संध्याकाळी घरी गेलात की बायको म्हणते, ‘अहो, किती मारलंय, डोकं दुखतंय.’ माल नकली आहे का, की तुमची त्वचा वास ‘खाते’, आणि हे परफ्यूम नेमकं लावायचं कसं, असं तुम्ही विचारताय.

मी तेवीस वर्षं या धंद्यात आहे. त्यातली बहुतेक दुसऱ्यांनी बनवलेले वास हुंगून ‘हे चालेल, हे नाही’ सांगण्यात गेली. तेव्हा आधी एक गोष्ट सांगते: तुमच्या प्रश्नाचं उत्तर वहिनींनी देऊन टाकलंय. संध्याकाळी सात वाजता त्यांच्या डोक्यात जातंय ते तुमचं सकाळचंच परफ्यूम, वर दुपारची भर. म्हणजे वास टिकतोय, आणि चांगला टिकतोय. उडून गेलंय ते फक्त लिंबू, आणि थकलंय ते तुमचं नाक. तुम्ही या दोन गोष्टी एक समजून तिसरा उपाय करताय, सगळा घोळ तिथे आहे.

लिंबाचं आधी बघू. लहानपणी दिवे गेले की मेणबत्तीच्या ज्योतीजवळ संत्र्याची साल दुमडून पिळली असेल. बारीक तुषार उडतात, ज्योत तडतडते, क्षणभर ठिणग्या दिसतात. ते तुषार म्हणजेच आमचं संत्र्याचं तेल. सालीतल्या बारीक पिशव्यांतून ते नुसतं दाबून काढतात, उष्णता देत नाहीत. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त एकच पदार्थ असतो, लिमोनीन. त्याचा रेणुभार १३६. वाळ्याच्या किंवा सीडर नावाच्या सुवासिक लाकडाच्या तेलातले वास देणारे मुख्य रेणू २२०च्या आसपासचे. रेणुभार हा काही एकमेव निकष नाही, पण ढोबळ हिशोब बरोबर येतो: अंगाच्या उबेवर हलकं आधी उडतं, जड मागे राहतं. यात तुमच्या त्वचेचा काही दोष नाही. कोरड्या त्वचेवरून ते जरा लवकर जातं, तेलकट त्वचेवर थोडं रेंगाळतं, पण फरक मिनिटांचा असतो, तासांचा नाही. लिंबाचा वास दिवसभर टिकेल असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो विक्रेता आहे एवढंच समजा.

आपल्याकडे जुन्या घरांत ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवत. ते कोलनवॉटर या सगळ्या लिंबू-परफ्यूमांचं मूळ. जर्मनीतल्या कोलोन शहरात फारिना या इटालियन घराण्याने १७०९ साली दुकान थाटलं, आणि त्यातल्या योहान मारिया फारिनाने पुढे इटलीतल्या लिंबू, संत्रं, बर्गमॉट (हेही एक लिंबूवर्गीय फळ) यांच्या वासाचं पाणी विकायला सुरुवात केली. ते पाणी टिकावं अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. ओंजळभर घ्यायचं, मानेला-तोंडाला चोपडायचं, ताजंतवानं व्हायचं, आणि तासाभराने पुन्हा. नेपोलियन त्याच्या बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या करायचा. कपाळावरची घडीही दर पाच-दहा मिनिटांनी पालटावी लागायची, आठवतं ना?

लिंबाला लाकडाचा आधार द्यायचा ही युक्ती नंतर विसाव्या शतकात पक्की झाली. १९५९ साली गेर्लां या फ्रेंच कंपनीने ‘व्हेतिव्हेर’ आणलं, त्यात लिंबूवर्गीय सुरुवात आणि खाली वाळा. १९६६ साली एदमों रुदनित्स्काने दिओरसाठी ‘ओ सोव्हाज’ केलं, त्यात लिंबाला हेडिओन नावाच्या, जाईसारख्या हवेशीर वासाच्या पदार्थाने उचलून धरलं. आणि २००६ साली आलं तुमचं ‘तेर द’एर्मेस’. ते ज्याँ-क्लोद एलेना यांचं काम. त्याआधी दोनच वर्षं ते एर्मेस या फ्रेंच कंपनीचे घरचे परफ्यूमकार झाले होते. कमी घटकांत काम करणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती आहे. ‘तेर’ म्हणजे फ्रेंचमध्ये जमीन, माती. लिंबू हा या परफ्यूमचा विषयच नाही, लिंबू हा दरवाजा आहे. तुम्ही दरवाज्यावर भाळून घर घेतलंत आणि आता आत गेल्यावर दरवाजा दिसत नाही म्हणून तक्रार करताय. (रागावू नका, ९० टक्के गिऱ्हाइकं हेच करतात. दुकानातल्या पट्टीवर तेवढाच भाग दिसतो.)

आता या वासातली मला सगळ्यात आवडणारी कारागिरी सांगते, तिच्यासाठी थोडं रसायनशास्त्र सोसा. यातलं लिंबूवर्गीय फळ म्हणजे मुख्यतः संत्रं आणि ग्रेपफ्रूट. ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसं कोणी खात नाही, पण त्याचे आईबाप आपल्या ओळखीचे आहेत: पपनस आणि गोड संत्रं यांचा वेस्ट इंडीजमध्ये झालेला तो संकर. त्याच्या वासाला तो विशिष्ट कडसर, सालीखालच्या पांढऱ्या गरासारखा रोख देणाऱ्या पदार्थांत नूटकाटोन हा एक. आणि वाळ्याच्या मुळांच्या तेलात असतो अल्फा-व्हेटिव्होन, त्याचंच दुसरं नाव आयसोनूटकाटोन. दोघांत अणू तेच आणि तेवढेच, रेणुभार दोघांचाही २१८, फक्त मांडणी किंचित वेगळी. म्हणजे एक फळाच्या सालीत आणि दुसरा गवताच्या मुळात वाढलेला, पण चुलतभाऊच. म्हणून ग्रेपफ्रूट जाताना आणि वाळा येताना मध्ये सांधा जाणवत नाही. लिंबाखाली चंदन ठेवून बघा, मध्ये सरळ खड्डा पडतो. आणि म्हणूनच ‘लिंबू गेलं’ असं वाटल्यावरही नीट हुंगलंत तर वाळ्यात एक कडू-आंबट धागा तासन्‌तास सापडत राहतो. तो शोधायला शिकलात की निम्मी तक्रार मिटेल.

वाळा म्हटल्यावर माठात टाकलेली जुडी किंवा उन्हाळ्यात पाणी मारलेले वाळ्याचे पडदे डोळ्यांपुढे येतात. तो ओला वाळा. शब्द फ्रेंचांनी आपल्याच बाजूचा उचललाय, तमिळ ‘वेट्टिवेर’वरून. पण परफ्यूमधंद्यातला बराचसा वाळा येतो हैतीहून, आणि त्याचा वास आपल्या कनौजच्या, तांब्याच्या डेगेत काढलेल्या हिरवट, दाट ‘रूह खस’पेक्षा कोरडा आणि स्वच्छ असतो. ‘तेर’मध्ये तो कोरडाच ठेवलाय. माठातला वाळा मनात धरून हुंगलात तर निराशा होईल. जमिनीतून उपटून, झटकून, उन्हात वाळवलेली जुडी मनात धरा.

गेल्या मे महिन्यात मुंबईतल्या एका घामट दिवशी मी हेच परफ्यूम परत नोंदवलं होतं. वहीतलं तुमच्यासाठी उतरवते. तीन ठिकाणी एकेक स्प्रे: डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला, कागदी पट्टीवर, आणि धुतलेल्या जुन्या सुती कापडाच्या तुकड्यावर.

सकाळी ७.४०. पहिली पंधरा-वीस सेकंदं नाक दूर, तेव्हा फक्त स्पिरिट असतं. मग ग्रेपफ्रूट, कडू, किंचित गंधकाकडे झुकणारं, पाठोपाठ संत्रं, पण गोळीसारखं गोड नाही. ७.५५ला मिरी, ताज्या भरडलेल्या मिऱ्यासारखी नाकात टोचणारी, आणि तिच्या मागे या परफ्यूमची ओळख असलेली गोष्ट: गारगोटी. अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणगी पाडली असेल तर नंतर दगडाला जो जळका, थंड वास येतो, तो. दगडाला वास कसा, असं विचारणाऱ्यांना मी खरोखर दोन गारगोट्या देते घासायला. ८.३०ला हातावरचं संत्रं संपलं. पट्टीवर थोडं शिल्लक, कापडावर मात्र चक्क ताजं. ९.४५ला हातावर जिरॅनियमचं पान आणि वाळा, आणि पेन्सिल तासल्यासारखा सीडर. (आपल्या पेन्सिलींना हा वास सहसा येत नाही, त्या पॉप्लरच्या लाकडाच्या असतात. जुनी परदेशी पेन्सिल मिळाली तर हुंगून ठेवा.) दुपारी १ वाजता हातावर मला शून्य वास. खरंच शून्य. मी जिन्यात जाऊन दहा मिनिटं उभी राहिले, परत खोलीत आले, आणि दारातच वास आला. माझ्याच पट्टीचा, जो मला टेबलाशी बसून येत नव्हता. ६.३०ला हातावर अगदी जवळून कोरडं लाकूड आणि मागे जरासा गोड ऊद. दुसऱ्या दिवशी सकाळी हात कोरा, कापडावर लाकूड ठणठणीत.

ऊद म्हणजे आपण निखाऱ्यावर घालतो तो, बेंझॉइनचा डिंक. हल्ली अरबी परफ्यूमांमुळे ‘ऊद’ म्हटलं की लोकांना अगरूचं लाकूड आठवतं. ते वेगळं. तुमच्या बाटलीत आहे तो घरच्या धुपाटण्यातला.

तर दुपारी एकचं ते शून्य. तुमचं अकरा वाजताचं शून्य तेच आहे. गावाहून आठ दिवसांनी परत आलात की दार उघडताच घराचा बंद वास येतो, आणि पाच मिनिटांत येईनासा होतो. वास गेलेला नसतो. नाकातल्या वास टिपणाऱ्या पेशी आणि मेंदू दोन्ही एकसारखी येणारी खबर ऐकून ऐकून तिच्याकडे दुर्लक्ष करायला लागतात. सतत अंगावर असलेल्या परफ्यूमबाबत हे सगळ्यांचंच होतं. लाकडी परफ्यूमांत जास्त होतं, त्याला एक खास कारण आहे.

बऱ्याच आधुनिक लाकडी वासांच्या पोटात आयसो ई सुपर नावाचा कृत्रिम पदार्थ असतो. आयएफएफ या अमेरिकी कंपनीत तो १९७३ साली तयार झाला. मखमली, पारदर्शक, सीडरसारखा पण सीडर नव्हे. ‘तेर’मध्ये तो भरपूर आहे. त्याची तऱ्हा अशी की काही जणांना तो जवळजवळ येतच नाही, काहींना येतो-जातो-येतो, आणि लावणाऱ्यापेक्षा शेजारून जाणाऱ्याला जास्त जाणवतो. योगायोग बघा, २००६ सालीच गेझा शोन या जर्मन परफ्यूमकाराने निव्वळ आयसो ई सुपर स्पिरिटमध्ये घालून ‘मॉलिक्यूल ०१’ नावाने विकायला काढलं, आणि त्याची सगळी गंमत हीच होती: स्वतःला वास नाही, समोरचा विचारतो काय लावलंय. तुमच्या नाकाला हा पदार्थ कमी कळत असण्याची चांगलीच शक्यता आहे. तो काही आजार नाही. फक्त किती मारलंय याचा हिशोब तुमच्या नाकावर सोडायचा नाही, एवढंच त्यातून निघतं.

आणि इथेच तुमचे दुपारचे दोन स्प्रे घात करतात. पुन्हा मारल्यावर तुम्हाला अर्ध्या तासाचं लिंबू परत मिळतं, पण खाली सकाळचं लाकूड होतंच, त्यावर नव्या लाकडाचा थर चढतो. संध्याकाळपर्यंत लिंबू दोनदा उडालेलं असतं आणि लाकूड दुप्पट झालेलं. वहिनींच्या वाट्याला ते दुप्पट लाकूड येतं, लिंबाचा थेंबही नाही. अति तेथे माती म्हणतात, इथे तर बाटलीवरच लिहिलंय.

नकली आहे का, हे घरी तपासता येतं. आज रात्री जेवण झाल्यावर जाडसर पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर एक स्प्रे मारा, पेन्सिलीने वेळ लिहा, आणि पट्टी तुम्ही झोपत नाही त्या खोलीत ठेवा. तासाभराने एकदा हुंगा, आणि सकाळी चहाच्या आधी एकदा. सकाळी पट्टीवर कोरडा, मुळासारखा, किंचित कडसर लाकडी वास स्पष्ट असेल तर बाटलीबद्दल शंका घेऊ नका. स्वस्त नकलांत बहुतेक वेळा पहिली दहा मिनिटं छान जमवलेली असतात, कारण संत्र्याचं तेल स्वस्त असतं, आणि मग खाली एक गोडसर साबणी कस्तुरी उरते किंवा काहीच उरत नाही. बाटलीच्या बुडाला आणि खोक्यावर छापलेला बॅचचा आकडा एकच आहे ना हेही बघून घ्या. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून मला माल अस्सल वाटतो, वहिनींच्या डोकेदुखीसकट.

आता लावायचं कसं. मी पुरुषांना सांगते तो उपाय तुम्हाला विचित्र वाटेल: बनियन. आंघोळ, अंग कोरडं, एक स्प्रे छातीवर वीतभर अंतरावरून, तो पूर्ण वाळू द्या, बनियन घाला, आणि दुसरा स्प्रे बनियनवर छातीच्या मध्ये. वरून शर्ट. झालं, दोनच. कातडीवरचा स्प्रे अंगाच्या उबेने लवकर उलगडतो, सुती कापडावरचा सावकाश. म्हणून माझ्या वहीतल्या त्या तुकड्यासारखं बनियनवर संत्रं तास-दीड तास जास्त रेंगाळतं, आणि कॉलरमधून हळूहळू वर येत राहतं. शर्टवर डागही नाही. बनियन अर्थात रोज धुतलेलं हवं. घामाच्या कापडावर परफ्यूम मारण्याचा परिणाम संध्याकाळच्या लोकलमध्ये आपण सगळे भोगतो.

मनगटावर मारलंत तर मारा, पण एकमेकांवर घासू नका. घासल्याने ‘रेणू तुटतात’ असं सांगतात ते खोटं, रेणू इतके लेचेपेचे नसतात. पण घासून उष्णता होते, पातळ थर पसरतो, आणि आधीच पळायला टेकलेलं लिंबू अजून लवकर पळतं. कातडी फार कोरडी असेल तर परफ्यूमआधी बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा जराशी पेट्रोलियम जेली लावा, स्निग्धता वास धरून ठेवते. खोबरेल तेल नको, ते स्वतः बोलतं. वासाची पावडर आणि वासाचा डिओ त्याच दिवशी वापरत असाल तर ‘तेर’च्या नावाने बोटं मोडू नका. लिंबू गेल्यावर लाकूड आणि पावडरचा लॅव्हेंडर यांची जी खिचडी होते, तिला मी आजवर कधी पास केलेलं नाही.

दुपारी तजेला हवाच असेल तर परफ्यूम पुन्हा मारू नका. साधं कलोन ठेवा, निव्वळ लिंबूवर्गीय, ज्याच्या तळाशी फारसं काही नसतं. ते रुमालावर घ्या, मानेवरून फिरवा. पंधरा मिनिटांत ते उडेल, पण ते उडण्यासाठीच असतं, आणि सकाळचं लाकूड होतं तिथेच राहील. जुने लोक अत्तर-कलोन रुमालाला लावायचे ते उगाच नाही.

ऋतूचाही फरक पडतो. मे महिन्यात मुंबईत उष्णतेने सगळंच भराभर उलगडतं, आणि दमट हवेत वास नाकाला जास्त जाणवतो, म्हणून दोन स्प्रे पुष्कळ झाले. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी तेच दोन अंगाला चिकटून बसतील, तिथे तिसरा चालेल. एसी ऑफिसात हवा थंड, कोरडी आणि बंद: वास तुमच्याजवळ कमी पसरतो असं तुम्हाला वाटतं, पण चार तास बंद मीटिंगरूममध्ये बसलेल्यांना विचारा. माझं मत विचाराल तर हे परफ्यूम खरं फुलतं जुलैमध्ये, दोन सरींच्या मधल्या उघडिपीत. तेव्हा गारगोटी आणि वाळा दोघांना हवेतच जोडीदार मिळतो.

उन्हाबद्दल एक सावधगिरी. लिंबू पिळलेल्या हाताने उन्हात काम केलं की कधी कधी काळे डाग पडतात, तसाच प्रकार बर्गमॉटच्या कच्च्या तेलातल्या बर्गाप्टेनमुळे होतो. पूर्वी बायकांच्या मानेवर परफ्यूम ओघळल्याच्या आकाराचे डाग दिसत, ते यानेच. आता यावर आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे आणि हा पदार्थ काढून टाकलेलं तेल मिळतं, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. तरी भर दुपारी स्कूटरवर निघताना उघड्या मानेवर मारू नये, कपड्यात मारावं. आणि लग्नाला जाताना रेशमी कुर्त्यावर किंवा वहिनींच्या पैठणीच्या पदराजवळ तर मुळीच नाही. स्पिरिटचा डाग रेशमावरून निघत नाही, जरीची तार काळी पडते ती वेगळीच.

बाटली कुठे ठेवलीय? बाथरूममध्ये किंवा खिडकीपाशी असेल तर आजच हलवा. मोटारीत तर नकोच. उजेड, उष्णता आणि हवा या तिघांचं पहिलं गिऱ्हाईक लिमोनीनच असतं. त्याचं ऑक्सिडीकरण झालं की तजेल्याच्या जागी टर्पेंटाईनसारखा, ओल्या वॉर्निशसारखा वास येतो, आणि ऑक्सिडीकरण झालेलं लिमोनीन नाजूक कातडीला खाजही आणतं. मी स्वतः एकदा एका दुकानाच्या काचेत उन्हात महिनोन्‌महिने उभी असलेली कलोनची बाटली सवलतीत मिळते म्हणून घेतली. इतकी वर्षं या धंद्यात काढून! पहिला स्प्रे मारला आणि रंगाऱ्याच्या हातातल्या फडक्याचा वास आला. लाकडाला मात्र काही होत नाही, म्हणून अशी बाटली अर्ध्या तासाने बरी वाटते आणि माणूस फसतो. तुमची १०० मिलीची आहे, रोज दोन स्प्रे मारलेत तर वर्ष-दीड वर्ष सहज पुरेल, तेव्हा कपड्यांच्या कपाटात, खोक्यासकट ठेवा. फ्रिजची गरज नाही. भाजीशेजारी परफ्यूम ठेवणारी माणसं मला आजवर समजलेली नाहीत.

याच नावाची २००९ची पार्फम आवृत्ती घेऊ का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय, ‘जास्त टिकेल’ म्हणून. नका घेऊ. ती जास्त जड आहे, लाकडाकडे अधिक झुकलेली. तुम्हाला हवंय लिंबू, आणि तुम्ही पैसे मोजणार लाकडाला. त्यापेक्षा आधी आठ दिवस दुपारचे स्प्रे बंद करून बघा. आणि संध्याकाळी घरी गेलात की स्वतः हुंगत बसण्याऐवजी वहिनींना विचारा. दारात, चपला काढायच्या आत, कारण पाच मिनिटांनी त्यांचंही नाक सरावेल. ‘आज काही लावलं नव्हतं का?’ असं त्या म्हणाल्या तर सकाळचा एक स्प्रे वाढवा. कॉलरजवळ वाकून ‘येतोय जरासा’ म्हणाल्या तर तुमचं माप बरोबर लागलंय.